सांगलीच्या हळदीतली भेसळ शोधणारं गणित, जे दामोदर कोसंबींनी १९४३ मध्ये मांडलं होतं

चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये घोळवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरा. तिच्यातलं कर्क्युमिन हिरवट-पिवळं चमकायला लागतं. याला म्हणतात फ्लुरोसन्स.

सातारा-सांगली पट्ट्यातली हळद शुद्ध आहे का, हे लॅबमध्ये अशाच प्रकाशाच्या खेळानं तपासता येतं. नमुन्यावर प्रकाश टाकायचा, कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला याचा आलेख काढायचा. मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळला असेल तर आलेख बदलतो. पण अडचण अशी की कर्क्युमिन, स्टार्च, ओलावा, रंग, सगळ्यांचे आलेख एकमेकांवर चढलेले असतात. पेशीला तीन-चार चमकणारे रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्यांचंही हेच दुखणं. एकाचा उजेड दुसऱ्यात सांडतो.

हा गुंता सोडवायला जे गणित लागतं, ते १९४३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं मांडलं होतं. (सांगलीचं विलिंग्डन कॉलेजही याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं.) त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

हो, तेच इतिहासवाले कोसंबी.

जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले. बनारस, अलिगढ असं करत फर्ग्युसनला आले आणि गणित शिकवू लागले.

आता त्यांची कल्पना बघा. समजा हळदीच्या शंभर नमुन्यांचे शंभर आलेख आहेत. एकेका आलेखात हजारभर आकडे. पण आलेखांमधले फरक काही हजार प्रकारचे नसतात, मोजकेच असतात. मग असा एक मूळ आकार शोधायचा, जो सगळ्यात जास्त फरक एकटा सांगेल. उरलेल्या फरकासाठी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक आकार आधीच्यापासून पूर्ण स्वतंत्र. आता कुठलाही आलेख चार-पाच आकड्यांत लिहिता येतो, म्हणजे कुठला आकार किती घ्यायचा एवढंच. बाकीचा बराचसा नुसता गोंगाट, तो टाकून द्यायचा. भेसळीचा नमुना या चार-पाच आकड्यांत लगेच वेगळा पडतो.

सुट्या आकड्यांच्या यादीसाठी असं काम पिअर्सन (१९०१) आणि हॉटेलिंग (१९३३) यांनी आधीच केलं होतं. कोसंबींनी ते अखंड वक्ररेषेसाठी केलं, आणि अवघड भाग तोच होता.

पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दिवस महायुद्धाचे, नियतकालिक भारतातलं. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले आणि सिद्धांताला नाव त्यांचं लागलं. आजची यंत्रं ज्या वाटेनं हे गणित वापरतात, ती वाटही कोसंबींच्या पेपरावरून गेलेली नाही.

तोवर कोसंबी तराजू घेऊन बसले होते. चलनात फिरलेलं नाणं झिजतं, म्हणून जुन्या नाण्यांच्या वजनातून त्यांचं वय काढता येईल, हा त्यांचा हिशोब. त्यासाठी त्यांनी हजारो नाणी तोलली. आलेख असो की नाणं, गोंगाटातून खूण वेगळी काढण्याचं हे वेड एकच होतं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. राहणं पुण्यात, नोकरी मुंबईत, प्रवास डेक्कन क्वीननं. पण पुढे भाभांशी बिनसलं. त्यात रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि गणितातल्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेनं करार वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात राहत्या घरी, झोपेतच ते गेले.

२०११ मध्ये शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी कोसंबींचा १९४३ चा पेपर पुन्हा लोकांसमोर आणला. आता काही ठिकाणी या सिद्धांताला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह म्हणतात. बहुतेक पुस्तकांत मात्र अजून दोनच नावं आहेत.