बाळू पालवणकर: घरच्या टीममधला ‘बाहेरचा’

मे महिन्यात आपल्याकडच्या कुठल्याही गावात जा, नाक्यावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेचा बॅनर लागलेला असतोच. वर पाहुण्यांचे फोटो, मध्ये बक्षिसाची रक्कम आणि तळाला बारीक अक्षरात नियम. त्यातला एक नियम तुम्हालाही पाठ असेल. स्पर्धा तालुका मर्यादित, आधार कार्ड सोबत हवं, बाहेरचा खेळाडू सापडला तर टीम बाद.

मग मैदानावर वाद ठरलेला. मुंबईला कामाला असलेला चाकरमानी गावचा की बाहेरचा? घर इथलं, देव इथला, पण आधार कार्डावर पत्ता नालासोपाऱ्याचा. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मॅच याच मुद्द्यावर पाऊण तास थांबली. मी स्कोअर लिहायला बसले होते, वहीत काही लिहायलाच नव्हतं!

हा वाद फक्त आपल्या गावचा नाही. आयपीएलमध्ये अकरा जणांत परदेशी खेळाडू जास्तीत जास्त ४, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. फुटबॉलच्या आयएसएलमध्ये २०१४ ला एका वेळी ६ परदेशी मैदानात चालायचे. २०१७-१८ पासून ५ झाले आणि २०२१-२२ पासून ४. कारण साधं होतं, आपल्या पोरांना खेळायला जागा मिळाली पाहिजे. युरोपात तर हा वाद कोर्टात गेला आणि १९९५ मध्ये बॉसमन खटल्याच्या निकालाने युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची ही मर्यादाच उठली. नियम लिहिलेला असला की त्यावर निदान भांडता येतं, कोर्टात जाता येतं, तो बदलता येतो.

पण जो नियम कुठेच लिहिलेला नसतो, त्याचं काय करायचं? तुम्ही इथलेच, भाषा तीच, धर्मही तोच, टीमही तुमचीच. तरी त्याच टीममध्ये तुम्ही बाहेरचे. असं आयुष्य जगलेल्या एका माणसाचं आडनाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. बाळू पालवणकर.

चार रुपये पगार, बॅटिंग नाही

पालवण हे पालवणकरांचं मूळ गाव. बाळूंचा जन्म मात्र १८७५-७६ च्या सुमाराचा आणि तोही धारवाडचा. वडील लष्करात होते. घर चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. पुढे कुटुंब पुण्यात आलं. तिथे बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले ते लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर. कोच नाही, अकादमी नाही.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात, महिना ३ रुपये. काम काय? पिच झाडायचं, रोलर फिरवायचा, अधूनमधून मेंबरांना बॉलिंग टाकायची. नंतर गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तिथे नेट बांधायचं, पिच आखायचं आणि साहेब लोकांना सराव द्यायचा. बाळू डावखुरे स्पिनर. कॅप्टन ग्रेग नावाचा हॅम्पशायरकडून खेळलेला तगडा बॅट्समन रोज त्यांच्या बॉलिंगवर तासन् तास सराव करायचा. बाळूंनी आउट केलं की दर वेळी ८ आणे द्यायचा, असं सांगतात. महिन्याला ४ रुपये पगार असणाऱ्या पोराला एका विकेटचे ८ आणे. तुम्हीच हिशोब करा.

एवढ्या वर्षांत त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. त्या काळी बॅटिंग साहेबांनी करायची आणि बॉलिंग नोकरांनी टाकायची. हाही न लिहिलेलाच नियम. बाळू पुढे मोठे झाले ते बॉलर म्हणूनच.

मैदानात एकत्र, चहाला वेगळे

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांना रोज नेटमध्ये चकवणारा बॉलर शहरातच होता. पण त्याला टीममध्ये घ्यायचं का, यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू मेंबर घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण मेंबरांचा विरोध होता. खुद्द ग्रेगने पेपरातून सांगितलं, याला न घेणं म्हणजे स्वतःचंच नुकसान करून घेणं. शेवटी बाळूंना घेतलं.

घेतलं म्हणजे मैदानावर घेतलं. बॉल सगळ्यांच्या हातातून फिरायचा, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. जरा डोळ्यांसमोर आणा, सकाळी ज्याच्या बॉलिंगवर तुम्ही स्लिपमध्ये कॅच घेतला आणि आनंदाने ओरडलात, त्याच्या शेजारी बसून तुम्ही दुपारी जेवत नाही.

मग याच बाळूंनी साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याच्या ७ विकेट काढून सामना जिंकून दिला. कौतुक झालं, न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने दखल घेतली. हळूहळू काही बंधनं सैल झाली, पण विकेट काढल्यावरच. बाकीच्यांना चहाचा कप मिळवायला विकेट काढाव्या लागत नव्हत्या, हे विसरू नका.

धर्माच्या टीम

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. इथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा थोडा विरोध, पुन्हा प्रवेश. नोकरी बॉम्बे बरोडा रेल्वेत.

मुंबईचं तेव्हाचं क्रिकेट ऐकून तुम्ही चक्रावाल. आज परदेशी ४ का ५ यावर आपण वाद घालतो, तेव्हा अख्खी टीमच धर्मावर असायची. एकीकडे युरोपियन, दुसरीकडे पारशी. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली, १९१२ मध्ये मुस्लिम आल्यावर चौरंगी. १९३७ मध्ये ख्रिश्चन, ज्यू वगैरे उरलेल्या सगळ्यांची ‘रेस्ट’ नावाची टीम आली आणि स्पर्धा पंचरंगी झाली. दुसऱ्या धर्माच्या खेळाडूची मर्यादा होती शून्य!

१९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ रनांनी हरवलं. बाळूंनी दोन डावांत मिळून ८ विकेट काढल्या. शिवरामही त्या टीममध्ये होते. पुढच्याच वर्षी हिंदू पुन्हा जिंकले. गुलाम देशातल्या लोकांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, त्यामुळे देशभर जल्लोष झाला. हे जिंकून देणाऱ्या भावांना आपण घरात घेतो का, हा प्रश्नही तेव्हा सुधारकांनी विचारला.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पहिली अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. टीम निवडतानाही कुठल्या समाजाचे किती, हा हिशोब होताच. महाराज मोजकेच सामने खेळले. टीमने बहुतेक सामने गमावले. बाळू मात्र पस्तिशीत होते आणि अख्ख्या दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट काढल्या, सरासरी १९ च्या आत.

गंमत बघा, इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्येही तेव्हा बाहेरच्यांसाठी नियम होता. तुमचा जन्म त्या कौंटीतला हवा, नाहीतर तिथे २ वर्षं राहिलेलं हवं. १८७३ पासूनचा हा नियम. रणजितसिंहजी त्याच वाटेने ससेक्सकडून खेळले. कडक वाटतो, पण स्पष्ट आहे. २ वर्षं राहा, तुम्ही आमचे. बाळूंना आपल्या देशात असं किती वर्षं राहावं लागणार होतं?

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या काळात एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकणाऱ्या, तुमच्याच वयाच्या एका तरुणाला बाळूंचा मोठा अभिमान होता. त्याचं मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगडजवळचं आंबडवे. भीमराव आंबेडकर.

कॅप्टन कोण?

१९१३ मध्ये बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे चारही भाऊ हिंदूंच्या टीममध्ये होते. अकरातले चार एका घरातले. कॅप्टन झाले एम. डी. पै. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. पै मोठ्या मनाचे. पण निवडणाऱ्यांचं मत बदललं नाही.

१९२० मध्ये ठिणगी पडली. पै आजारी होते, म्हणून कॅप्टनपद दि. ब. देवधरांकडे गेलं. तेच देवधर, ज्यांच्या नावाची ट्रॉफी तुम्ही ऐकली आहे. ते उत्तम खेळाडू होते यात वाद नाही. बाळूंना टीममधून वगळलं. तेव्हा बाळू पंचेचाळिशीच्या घरात होते, त्यामुळे त्यांना वगळण्याचं कारण वय असूही शकतं. पण विठ्ठल? ते ऐन भरात होते आणि देवधरांना सीनियर होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढलं. जातीमुळे डावलणं सहन करणार नाही, हा त्याचा आशय.

लोकांचा पाठिंबा त्यांना मिळाला. फायनलला पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळू कॅप्टन होते. आयुष्यभराच्या कर्तृत्वाला मिळालेलं कॅप्टनपद एवढंच.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कॅप्टन झाले. त्या वर्षी हिंदू जिंकले आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन नाचवलं. १९२५ आणि १९२६ लाही हिंदूच जिंकले. मोठ्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्याने मिळवलं. पण त्या दारावर मोठ्या भावाने पंचवीस वर्षं बॉल टाकले होते.

शेवटचा डाव

बाळू नंतर राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात, म्हणजे आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाळूंना ११,२२५ मतं पडली, बाबासाहेबांना १३,२४५. कॉलेजमधल्या तरुणाने ज्याचा अभिमान बाळगला, त्यालाच हरवलं. कोण बरोबर, यावर तुमच्या कट्ट्यावर वाद होईल, आणि व्हायलाच हवा. एकाला वाटत होतं, आतच राहून दार उघडेल. दुसऱ्याने आत जाऊन काय मिळतं ते पाहिलं होतं.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू गेले. ३३ फर्स्ट क्लास सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. भारत पहिली टेस्ट १९३२ ला खेळला, तोवर त्यांचं वय निघून गेलं होतं. म्हणून आजच्या रेकॉर्डच्या यादीत तुम्हाला ते दिसत नाहीत.

आता आपल्या बॅनरकडे परत या. जन्म धारवाड, शिक्षण पुणे, खेळ मुंबई. आजच्या आधार कार्डाच्या नियमाने बाळू पालवणकर पालवणच्या टीममधूनही बाद झाले असते! बाहेरच्यांवर मर्यादा असू नये, असं मी म्हणत नाही. गावच्या पोरांना संधी मिळायला असा नियम लागतो, आणि आयएसएलवाल्यांचंही तेच म्हणणं आहे. पण येत्या मे महिन्यात कार्ड तपासून झालं की आणखी दोन गोष्टी बघा. तुमच्या टीमचा कॅप्टन आजवर कुठल्या वाडीचा झाला आणि कुठल्या वाडीचा कधीच झाला नाही? आणि मॅच संपल्यावर जेवायला कोण कुणाच्या घरी जातं? मी या वर्षीही स्कोअर लिहायला बसणार आहे, आणि माझ्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी कोरं ठेवलंय.