आनंदीबाई जोशी कल्याणच्या, मग त्यांचे कागद फिलाडेल्फियात कसे?

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं की आपल्याला एवढं नक्की आठवतं: नऊवारी साडी, अमेरिकेतली डॉक्टरकीची पदवी आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी आलेला मृत्यू. पण त्या काय शिकल्या, काय लिहीत होत्या, नवऱ्याबद्दल त्यांना काय वाटत होतं, हे आज आपल्याला कशावरून कळतं? तर त्यांच्या कागदांवरून. आणि हे कागद एका ठिकाणी नाहीत. काही फिलाडेल्फियात आहेत, काही मजकूर अमेरिकेत छापलेल्या जुन्या पुस्तकात आहे, तर काही मराठी चरित्रात.

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याच्या आदल्याच वर्षी, १८६४ मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे गावात पुस्तकं होती, पण मुलींनी शिकावं असं मानणारी घरं मोजकीच.

नवव्या वर्षी यमुनाचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. गोपाळराव पोस्टात कारकून होते, बिजवर होते आणि बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवायचंच हा त्यांचा हट्ट होता. यमुनाची आनंदी झाली आणि घरातच शाळा सुरू झाली. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या, तसं कल्याण सुटलं. अलिबाग, कोल्हापूर आणि पुढे कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने घेतलं, ते या घटनेनंतर. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोच वाटतो म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात, हे त्या आजूबाजूला पाहत होत्या.

दाताच्या दवाखान्यात वाचलेलं पत्र

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्म बदला, मग बघू, अशा अर्थाचं उत्तर आलं. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना तो वाचला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं. पुढची काही वर्षं दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. नातं इतकं जवळचं झालं की आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

१८८३ च्या सुरुवातीला आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात जाहीर भाषण केलं. अमेरिकेला का जायचंय ते त्यांनी सांगितलं आणि धर्म बदलणार नाही हेही स्पष्ट केलं. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत नवरा नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या.

कॉलेजने काय जपलं?

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया १८५० पासून मुलींना डॉक्टर बनवत होतं. आनंदीबाईंनी तिथे प्रवेशासाठी जे पत्र लिहिलं, त्यात त्यांनी आपली परिस्थिती आणि हेतू दोन्ही मांडले. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यात त्यांनी जुन्या भारतीय ग्रंथांचा आधार घेतला होता.

१८८५ मधला एक फोटो तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी याच कॉलेजच्या विद्यार्थिनी.

हे कॉलेज १९७० मध्ये मुलांनाही प्रवेश देऊ लागलं, त्याचं नाव बदललं, नंतर ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं आणि शेवटी ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग बनलं. अशा उलथापालथीत जुन्या फायली रद्दीत जाणं सहज शक्य असतं. इथे तसं झालं नाही. अर्जाचं पत्र, प्रबंध आणि फोटो ड्रेक्सेलच्या अभिलेखागारात आहेत. त्यांचं स्कॅनिंगही झालंय, त्यामुळे कल्याणमध्ये बसूनही ते पाहता येतात.

मग अडचण काय?

अडचण अशी की एकाच ठिकाणचे कागद पाहिले तर एकच बाजू दिसते.

अमेरिकेतल्या कागदांत आनंदीबाई जिद्दी, हुशार आणि सगळ्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र काढलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं आणि त्यात आनंदीबाईंची पत्रंही दिली. लहानपणी गोपाळरावांनी केलेली मारहाण, फेकून मारलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहून विचारलं होतं. बायकोला शिकवणारा आणि तिला मारणारा माणूस एकच होता, हे फक्त फिलाडेल्फियातल्या फायली चाळून कळलं नसतं.

समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी दोन्ही भाषांतला हा मजकूर एकत्र ठेवून आनंदीबाईंचं आयुष्य मांडलं. हे इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरी अडचण अगदी साधी आहे, ती म्हणजे स्पेलिंग. अमेरिकेत त्यांचं आडनाव शेवटी दोन 'ई' लावून लिहिलं गेलं, आपण आज 'आय' लावतो. मराठीत कुठे आनंदीबाई, कुठे आनंदी गोपाळ. कॅटलॉगमध्ये या सगळ्या नावांची माणसं वेगळी धरली गेली तर शोधणाऱ्याच्या हाती अर्धंच लागतं. यावर उपाय म्हणून अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन व्हीआयएएफ नावाची सामायिक नामसूची उभी करायला घेतली. नंतर त्यात इतर देशांची ग्रंथालयं सामील झाली. एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या भाषांतली, लिप्यांतली नावं एकमेकांना जोडायची, एवढंच तिचं काम.

शेवटचे काही महिने

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलने आनंदीबाईंना स्त्रियांच्या विभागाचं प्रमुखपद देऊ केलं होतं. पण नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. एकाही पेशंटला आपल्या दवाखान्यात तपासायची संधी त्यांना मिळाली नाही.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत ती ठेवली आहे आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.

आनंदीबाईंनी दवाखाना चालवला नाही, स्वतःचं पुस्तक काढलं नाही. मागे राहिली ती पत्रं, एक प्रबंध आणि काही फोटो. ते दोन देशांत आणि दोन भाषांत विभागलेले आहेत. म्हणून ड्रेक्सेलच्या वेबसाइटवर त्यांचा प्रबंध उघडलात, तर काशीबाईंच्या चरित्रातली पत्रंही सोबत वाचा.