येवल्याच्या तात्या टोपेंनी इंग्रजांच्या फौजा दमवल्या, पण त्यांची खरी शर्यत तारयंत्राशी होती

२२ ऑगस्ट २००८. भारतात पहिल्यांदाच आयफोन अधिकृतपणे विकायला आला. ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये आणि १६ जीबीची ३६,१०० रुपये. त्या काळात एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड बाईक यायची.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत जो पहिला आयफोन आला होता, त्यात तर थ्रीजीसुद्धा नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या आयपॉड टचवर गाणी होती, वायफाय होतं, पण फोन लावायची सोय नव्हती आणि ब्लूटूथही नव्हतं. तरी लोकांनी रांगा लावून हे सगळं घेतलं. कारण लोक पैसे मोजत होते ते एका गोष्टीसाठी. कुठलीही वायर न जोडता, कुठूनही, जगाशी जोडलेलं राहता येतं यासाठी.

आता बरोबर दीडशे वर्षं मागे जाऊ. साल १८५८.

तेव्हाही देशात एक नवंकोरं, महागडं यंत्र आलं होतं. काही दिवसांचा निरोप ते काही तासांत पोहोचवायचं. फक्त त्याला वायर लागायची. हे यंत्र होतं इंग्रजांच्या हातात, आणि त्याच्याशी शर्यत लावली होती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात जन्मलेल्या एका माणसाने. त्याच्याकडे होते घोडे, जासूद आणि पायाखालची वाट.

त्यांचं नाव तात्या टोपे.

येवल्याचे रामचंद्र पांडुरंग

येवला म्हटलं की आज आधी पैठणी आठवते. याच गावात १८१४ साली तात्यांचा जन्म झाला. खरं नाव रामचंद्र पांडुरंग. वडील पांडुरंगराव हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा बांधून दिला आणि पुण्यापासून लांब, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्त म्हणजेच बिठूरला नेऊन ठेवलं. पेशव्यांसोबत त्यांच्या आश्रयाला असलेली अनेक मराठी कुटुंबंही उत्तरेत गेली. तात्यांचं कुटुंब त्यातलंच एक. म्हणजे येवल्याचा हा मुलगा गंगेच्या काठावर वाढला. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचा सहवास त्यांना तिथेच लाभला.

टोपे हे नाव कसं पडलं याच्या दोन गोष्टी सांगतात. काही जण म्हणतात की बाजीरावांनी खूश होऊन त्यांना एक टोपी दिली, त्यावरून. दुसरे म्हणतात, तोफेवरून.

१८५१ मध्ये बाजीराव वारले. नानासाहेबांना तोच तनखा पुढे मिळायला हवा होता, पण इंग्रजांनी दत्तक वारसाला पैसे द्यायला साफ नकार दिला. त्या वेळी गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी.

हे नाव लक्षात ठेवा. कारण तारयंत्राची गोष्टसुद्धा याच माणसापाशी येते.

सोळा शब्दांना एक रुपया

कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी नावाचा एक डॉक्टर होता. मेडिकल कॉलेजात शिकवायचा आणि फावल्या वेळात विजेचे प्रयोग करायचा. १८३९ मध्येच त्याने तारेतून संदेश पाठवून दाखवला होता, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डलहौसीने मात्र त्याची किंमत ओळखली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार टाकली गेली. मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला. पुढच्याच वर्षी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही ठिकाणं तारेने जोडली गेली. मुंबई-आग्रा तार इंदूरवरून जायची.

१८५५ पासून ही सोय सामान्य लोकांसाठीही खुली झाली. दर होता ४०० मैलांपर्यंत सोळा शब्दांना एक रुपया. पत्त्याचे शब्दही या सोळात धरायचे.

एक रुपया म्हणजे किती? कंपनीच्या फौजेतल्या साध्या शिपायाचा महिन्याचा पगार होता सात रुपये. म्हणजे एक छोटासा निरोप पाठवायला त्याची चार दिवसांहून जास्त कमाई जायची. थोडक्यात, तार सगळ्यांसाठी खुली होती, पण ती परवडायची साहेबाला, सावकाराला आणि सरकारला.

दुसरी अडचण पैशापेक्षा मोठी होती. तारयंत्र जागचं हलत नसे. खांब जिथपर्यंत, तार जिथपर्यंत, तिथपर्यंतच त्याची सत्ता. मधे कुठेही एक तुकडा तोडला की पुढचं सगळं मुकं.

१८५७ च्या उठावात याच दोन गोष्टी समोरासमोर आल्या. तारेचा वेग आणि तारेचं बंधन.

दिल्लीहून निघालेला निरोप

१० मे १८५७ रोजी मेरठला उठावाची ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी शिपाई दिल्लीत घुसले. तिथल्या तार ऑफिसातल्या दोन पोरसवदा कर्मचाऱ्यांनी पळून जायच्या आधी अंबाल्याला बातमी कळवली. अंबाल्याहून ती लाहोरला गेली. १३ मे रोजी लाहोरच्या मियां मीर छावणीत देशी पलटणी परेडला बोलावल्या गेल्या आणि त्यांची हत्यारं काढून घेण्यात आली. दिल्लीत काय झालं हे शिपायांना कळून त्यांनी काही ठरवायच्या आत साहेब तयार झाला होता.

उठाववाल्यांनाही हे लवकरच उमगलं. उत्तर भारतात जागोजागी तारा तोडल्या गेल्या, खांब उपटले गेले. शेकडो मैलांची लाईन नाहीशी झाली. पण इंग्रज ती पुन्हा उभी करत राहिले. १८५८ मध्ये सरसेनापती कॉलिन कॅम्पबेल लखनौवर चालून गेला तेव्हा पॅट्रिक स्ट्युअर्ट नावाचा अधिकारी फौजेच्या मागोमाग तार ओढत नेत होता.

उठावाच्या सेनापतींकडे असं काही नव्हतं. एक फौज कानपूरला, दुसरी झाशीला, तिसरी लखनौला. एकमेकांची खबर घोडेस्वार घेऊन येईल तेव्हा.

हरले, पण संपले नाहीत

जून १८५७ मध्ये कानपूर उठलं आणि नानासाहेबांच्या बाजूने तात्या मैदानात उतरले. तोवर त्यांनी कुठलं मोठं युद्ध लढलं नव्हतं. पण माणसं जमवणं, रसद लावणं आणि पराभवानंतर पुन्हा फौज उभी करणं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

जुलैत कानपूर हातचं गेलं. तात्यांनी ग्वाल्हेरच्या कंटिंजंट फौजेला आपल्या बाजूला वळवलं आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जनरल विंडहॅमचा पराभव करून कानपूर शहरात परत शिरले. ६ डिसेंबरला कॅम्पबेलने त्यांना हटवलं. १ एप्रिल १८५८ ला झाशीच्या मदतीला धावून गेले, तर बेतवा नदीकाठी ह्यू रोजने त्यांना हरवलं. पुढे कोंच गेलं, काल्पीही गेली.

सगळं संपलं असं वाटत असतानाच १ जूनला राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे आणि तात्या यांनी थेट ग्वाल्हेर ताब्यात घेतलं. शिंद्यांची फौज त्यांना येऊन मिळाली. हा आनंद तीनच आठवडे टिकला. जूनच्या मध्यात लढताना राणीला वीरमरण आलं आणि ग्वाल्हेर पडलं.

इथून पुढे सुरू झाली ती शर्यत.

दहा महिन्यांचा पाठलाग

जून १८५८ ते एप्रिल १८५९. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड. तात्या टोंककडे गेले, मेवाडात बनास नदीकाठी हरले, चंबळ ओलांडून झालरापाटणला पोहोचले. तिथे तोफा आणि पैसा मिळवला. पुन्हा हरले, तोफा गेल्या, पुन्हा माणसं जमवली. रॉबर्ट्स, मिशेल, पार्क, सॉमरसेट असे एकामागून एक अधिकारी त्यांच्या मागावर होते. चहूबाजूंनी तुकड्या सोडल्या होत्या.

तात्यांची पद्धत सोपी होती. मोठी लढाई टाळायची, सामान कमी ठेवायचं, रोज मुक्काम बदलायचा. गोऱ्या फौजेला तंबू, रसद, तोफा सगळं ओढत न्यावं लागायचं. घोड्याच्या जोरावर तात्या एका फौजेला हमखास मागे टाकायचे.

पण मागच्या फौजेला मागे टाकून भागत नव्हतं. तात्या अमुक दिशेला निघालेत ही बातमी तारेच्या ठाण्यापर्यंत पोहोचली, की ती त्यांच्या पुढे असलेल्या छावणीला कळायची आणि तिथली दुसरी, ताज्या दमाची तुकडी आडवी यायची. घोडा दिवसाला पन्नास-साठ मैल पळेल, पण संदेशाला ते अंतर म्हणजे काहीच नव्हतं. म्हणूनच तात्या जिथे तार नाही अशा जंगलांतून, डोंगरांतून आणि नद्यांच्या उतारांवरून फिरत राहिले. तारेच्या आंधळ्या जागा हाच त्यांचा आसरा होता.

नर्मदा ओलांडली आणि मुंबई हादरली

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या आणि रावसाहेबांनी होशंगाबादच्या बाजूला नर्मदा ओलांडली आणि इंग्रजांच्या पोटात गोळा आला.

कारण नर्मदेच्या दक्षिणेला नागपूर होतं, खानदेश होता, आणि त्याच्या पलीकडे पेशव्यांचा जुना मुलूख. पेशव्यांच्या घरातला माणूस आणि त्यांचा सेनापती मराठी मुलखात उतरला तर काय होईल, याची मुंबई सरकारला धास्ती होती. ही भीती उगाच नव्हती. नाशिक-नगर भागात भागोजी नाईक यांच्या मागे भिल्ल आधीच उठले होते.

एक वर्ष आधी तात्या दक्षिणेत उतरले असते तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. आता उशीर झाला होता. ते मुलताईला पोहोचले तोवर नागपूरची वाट अडवलेली होती. सातपुडा आणि मेळघाटाकडून खाली उतरायच्या वाटाही बंद होत्या. बातमी त्यांच्या आधी सगळीकडे पोहोचली होती.

मग ते पश्चिमेला वळले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर खरगोणच्या पुढे त्यांची फौज मुंबई-आग्रा रस्त्यावर आली. हाच रस्ता खाली धुळे, मालेगाव, चांदवडवरून नाशिकला जातो. चांदवडहून मनमाडमार्गे येवला म्हणजे घोड्याला एका दिवसाची वाट. लहानपणी सोडलेलं गाव त्या रस्त्याने काही दिवसांवर होतं.

तात्यांच्या माणसांनी तिथे महूकडे निघालेल्या व्यापारी मालाच्या गाड्या लुटल्या आणि रस्त्याच्या कडेची तार तोडून टाकली.

पण गावाकडे जाणं शक्य नव्हतं. सदरलँडची तुकडी मागावर होतीच. तात्यांनी पुन्हा नर्मदा गाठली आणि ती ओलांडून बडोद्याच्या रोखाने निघाले. तिथेही घात झाला. पार्कची तुकडी नऊ दिवसांत सुमारे २४० मैल तोडून आली आणि १ डिसेंबरला छोटा उदेपूरला तात्यांना गाठलं. मराठी मुलखाचा दरवाजा कायमचा बंद झाला.

शेवट तारेने केला नाही

जानेवारी १८५९ मध्ये दौसा आणि सीकर इथे आणखी दोन पराभव झाले. सोबतची माणसं पांगली. तात्या नरवरचे सरदार मानसिंग यांच्या आसऱ्याने पारोणच्या जंगलात जाऊन राहिले. तिथे ना रस्ता होता, ना तार. फौजेला ते सापडले नसते.

पण मानसिंगांनी आधीच इंग्रजांशी बोलणी केली होती. जहागीर आणि कुटुंबाच्या सुरक्षेच्या बदल्यात त्यांनी तात्यांना द्यायचं कबूल केलं. ७ एप्रिलच्या रात्री तात्या झोपेत पकडले गेले.

शिवपुरीला लष्करी कोर्टापुढे खटला उभा राहिला. आरोप होता इंग्रज सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. आपण जे केलं ते आपल्या धन्याच्या, म्हणजे पेशव्यांच्या हुकमाने केलं आणि लढाईबाहेर कुणाचा जीव घेतला नाही, अशी बाजू तात्यांनी मांडली. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. फाशी गेलेला माणूस तात्या नव्हताच, असं मानणारे लोक आजही आहेत.

ज्या तारेने त्यांच्या वाटा अडवल्या, ती पुढे दीडशे वर्षं या देशात टिकली. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि ही सेवा बंद झाली. तोवर वायर नसलेले टचस्क्रीन फोन लोकांच्या खिशात आले होते.

आज येवल्यातून काश्मीरला निरोप पाठवायला सेकंद लागतो. १८५८ मध्ये तात्यांची बातमी त्यांच्याआधी पुढच्या छावणीत पोहोचत होती आणि त्यांना मात्र पुढच्या डोंगरापलीकडे कोण उभं आहे हे कळत नव्हतं. अशा अवस्थेत त्यांनी दहा महिने झुंज दिली. त्यांचं सेनापती म्हणून मोठेपण मोजताना हा हिशेबही धरायला हवा.