विश्लेषण : प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडणारे चार्ल्स स्टाइनमेट्झ कोण होते? त्यांच्यामुळे उच्चदाब यंत्रणा कशी सुरक्षित झाली?

वीज उपकेंद्रात मोठ्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मर) अगदी शेजारी चकत्यांचा खांब असावा तसे एक उपकरण उभे असते. ते लायटनिंग अरेस्टर. वर्षभर ते काहीच करत नाही. मात्र वाहिनीवर वीज पडली की सेकंदाच्या लाखाव्या भागात ते जागे होते, तडाखा जमिनीत उतरवते आणि पुन्हा शांत होते. ते नसेल तर कोट्यवधींचे रोहित्र जळून शहर अंधारात जाऊ शकते. या संरक्षणामागचे गणित ज्यांनी मांडले आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी आभाळातली वीज प्रयोगशाळेत उतरवली, त्या चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांच्याविषयी...

बंदरातून परत पाठवले जाणार होते?

स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी तेव्हाच्या प्रशियातील ब्रेस्लाऊ येथे झाला. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. वडील आणि आजोबांप्रमाणे त्यांनाही जन्मतः पाठीला कुबड होते आणि उंची जेमतेम चार फूट राहिली. आई ते वर्षाचे असतानाच गेली. ब्रेस्लाऊ विद्यापीठात गणित शिकताना ते समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात सामील झाले. बिस्मार्क यांच्या राजवटीत समाजवाद्यांवर कडक कायदे होते. अटक होण्याची चिन्हे दिसताच १८८८ मध्ये त्यांनी झुरिच गाठले आणि हाताशी आलेली डॉक्टरेट मागेच राहिली.

पुढच्याच वर्षी ते ऑस्कर अस्मुसेन या मित्रासोबत बोटीने न्यूयॉर्कला पोहोचले. हातात पैसे नव्हते, इंग्रजी तुटपुंजे होते आणि शरीर अधू. अधिकारी त्यांना परत पाठवण्याच्या बेतात होते. अस्मुसेनने त्यांची जबाबदारी घेतल्याने दार उघडले. कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ हे मूळ नाव बदलून त्यांनी चार्ल्स हे नाव घेतले आणि त्याला विद्यार्थिदशेतील प्रोटियस हे टोपणनाव जोडले. प्रोटियस म्हणजे हवे ते रूप घेणारा ग्रीक पुराणातील सागरदेव.

कारखान्यात गणित कसे शिरले?

योंकर्स येथील रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात आठवड्याला १२ डॉलरवर त्यांना आरेखकाची नोकरी मिळाली. प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी) चालणारी यंत्रे तेव्हा नवी होती. त्यांतील लोखंड प्रत्येक आवर्तनात एका दिशेने आणि मग उलट दिशेने चुंबकित होते, आणि त्यात ऊर्जा वाया जाऊन यंत्र तापते. हा तोटा किती होईल, हे यंत्र बांधून पाहिल्याशिवाय कळत नसे. स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये तो आधीच काढण्याचे सूत्र दिले. पुढच्या वर्षी त्यांनी काल्पनिक संख्यांच्या आधारे एसी परिपथ सोडवण्याची पद्धत मांडली. किचकट समीकरणांची जागा साध्या बीजगणिताने घेतली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही हीच रीत शिकतात.

१८९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आयकेमायर यांची कंपनी विकत घेतली, तेव्हा स्टाइनमेट्झही तिकडे गेले. १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातील शेनेक्टडी हे त्यांचे गाव झाले आणि अखेरपर्यंत राहिले.

विजेचा प्रश्न कशामुळे उभा राहिला?

नायगरा धबधब्यावर तयार झालेली वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोहोचली. त्यानंतर वाहिन्या लांबत गेल्या, दाब वाढत गेला आणि डोंगर-माळरानांवरून जाणाऱ्या तारा वादळांच्या तावडीत सापडल्या. चिनी मातीचे इन्सुलेटर फुटत, रोहित्रांची वेटोळी जळत. कधी कधी तर आभाळ निरभ्र असतानाही असे घडे. मोठा स्विच उघडला किंवा कुठे शॉर्टसर्किट झाले तरी यंत्रणेत दाब अचानक उसळे.

स्टाइनमेट्झ यांनी या दोन्ही घटना एकाच हिशेबात आणल्या. तारेभोवती ऊर्जा दोन रूपांत साठते, चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रात. परिस्थिती एकाएकी बदलली की ती एका रूपातून दुसऱ्यात झोके घेऊ लागते आणि दाबाची लाट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने तारेवरून धावते. वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केल्यावर पाइप धडधडतो, तसाच हा प्रकार. आभाळातली वीज असो वा स्विचचा झटका, लाटेचे नियम तेच. १९०९ मध्ये अशा क्षणिक घटनांवर त्यांनी ग्रंथच लिहिला.

लाट रोहित्रापाशी पोहोचली की काय होते?

रोहित्र हे लाटेसाठी भिंतीसारखे असते. आपटून परतताना तिथला दाब जवळपास दुप्पट होतो आणि वेटोळ्याच्या पहिल्या काही फेऱ्यांवर सगळा ताण येतो. म्हणूनच अरेस्टर रोहित्राच्या शक्य तितक्या जवळ बसवतात.

अरेस्टरकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात. नेहमीच्या दाबाला त्याने दाद द्यायची नाही, दाब उसळताच वाट मोकळी करायची आणि लाट ओसरताच ती बंद करायची. तिसरी सर्वांत अवघड. तार आणि जमीन यांच्यात नुसती फट ठेवली तर वीज ती ओलांडून जाते खरी, पण मागोमाग वाहिनीतला नेहमीचा प्रवाहही त्याच ठिणगीतून वाहत राहतो.

यावर त्या काळचा मोठा उपाय म्हणजे जनरल इलेक्ट्रिकमधील ई. ई. एफ. क्रेटन यांनी विकसित केलेला ॲल्युमिनियमचा अरेस्टर. त्यात द्रावण भरलेल्या शंकूच्या आकाराच्या ताटल्या एकावर एक रचलेल्या असत. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पातळ थर नेहमीचा दाब अडवी, जादा दाब जाऊ देई आणि नंतर पूर्ववत होई. अडचण एकच. पडून राहिला की थर विरघळे, त्यामुळे तो दररोज विजेच्या प्रवाहाने पुन्हा तयार करावा लागे.

कृत्रिम वीज कशी पाडली?

खरी पंचाईत वेगळीच होती. नवा अरेस्टर टिकेल की नाही, हे कळायला वादळाची वाट पाहावी लागे. वादळ आले तरी तडाखा केवढा होता, हे मोजायला जवळ काही नसे.

मोहॉक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी स्टाइनमेट्झ यांची लाकडी झोपडी होती. छोट्या होडीत फळी आडवी टाकून ते तिथे तासन् तास आकडेमोड करत. १९२० मध्ये याच झोपडीवर वीज कोसळली आणि आरशाचे तुकडे तुकडे झाले. त्यांनी ते गोळा करून दोन काचांमध्ये पुन्हा जुळवले. आरशावरील चांदीचा थर जिथे जिथे वितळला होता, त्यावरून विजेने कोणती वाट धरली याचा माग काढला.

मार्च १९२२ मध्ये त्यांनी शेनेक्टडीच्या प्रयोगशाळेत आपले वीजयंत्र दाखवले. काचेच्या तक्त्यांच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार हळूहळू साठवायचा आणि एका क्षणात मोकळा करायचा, ही त्याची रीत. १ लाख २० हजार व्होल्ट, १० हजार अँपिअर आणि अवधी सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका. त्या क्षणाची शक्ती दहा लाख अश्वशक्तीहून अधिक भरते. एकूण ऊर्जा मात्र १० वॉटचा एलईडी दिवा सुमारे २० मिनिटे पेटेल एवढीच. तरीही त्या धक्क्याने लाकडाचे ठोकळे फुटून उडाले. विजेचा घात ऊर्जेच्या साठ्यात नसून ती सुटण्याच्या वेगात आहे, हे यातून डोळ्यांना दिसले. खऱ्या विजेपुढे हा दाब फारच थोडा होता. पण आता एकाच मापाचा तडाखा हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा देता येत होता. त्याच वर्षी थॉमस एडिसन यांनी शेनेक्टडीला भेट दिली. कृत्रिम विजेने फुटलेले इन्सुलेटर पाहणाऱ्या या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

प्रयोगशाळेबाहेरचे स्टाइनमेट्झ कसे होते?

आपले व्यंग पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून ते अविवाहित राहिले. सहकारी जोसेफ हेडन यांना त्यांनी दत्तक घेतले आणि हेडन यांची तीन मुले त्यांना आजोबा मानत वाढली. ते युनियन कॉलेजात शिकवत. समाजवादाची कास त्यांनी बड्या कंपनीत राहूनही सोडली नाही. शेनेक्टडीत समाजवादी महापौर जॉर्ज लन निवडून आल्यावर ते शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी त्यांनी विशेष वर्ग सुरू केले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय उरले आहे?

ॲल्युमिनियमच्या ताटल्या केव्हाच मोडीत निघाल्या. १९३० च्या दशकात सिलिकॉन कार्बाइडचे आणि १९७० च्या दशकात झिंक ऑक्साइडचे अरेस्टर आले. झिंक ऑक्साइडला रोजची निगा लागत नाही. महाराष्ट्रातील उपकेंद्रांतही आता हेच दिसतात. तत्त्व मात्र बदललेले नाही. तडाखा अडवायचा नाही, त्याला क्षणभर वाट द्यायची आणि ती लगेच मिटवायची. उच्चदाबाचे रोहित्र कारखान्यातून निघण्यापूर्वी त्याच्यावर आजही ठरावीक मापाची कृत्रिम वीज सोडली जाते. त्यात ते टिकले, तरच उपकेंद्रात जाते.