विश्लेषण : पंचांगे दोन, गणपतीही दोनदा? वादाच्या केंद्रस्थानी असलेले व्यंकटेश बापूजी केतकर कोण होते?

२०२३ मध्ये महाराष्ट्रातील बहुतेक घरांत गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत मात्र ते २० ऑगस्टलाच बसले होते. देव एकच, तिथीही तीच, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. तरी महिनाभराचे अंतर कसे पडले? याचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका वादात आहे. त्या वादातील एका बाजूचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. शाळामास्तर, संस्कृत ग्रंथकार आणि नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह आहे असे प्लूटो सापडण्याच्या १९ वर्षे आधी मांडणारे गणिती, अशी त्यांची ओळख. त्यांच्या नावावर समाजमाध्यमांत अधूनमधून मोठे दावे फिरतात. त्यातले खरे किती, हेही पाहू.

केतकर कोण होते?

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. आज हे गाव कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे, तेव्हा ते एका मराठी संस्थानाची राजधानी होते. १८५८ मध्ये नरगुंदच्या संस्थानिकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि संस्थान खालसा झाले. तेव्हा व्यंकटेश चार वर्षांचे होते. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षक झाले. त्यांच्या हाताशी ना वेधशाळा होती, ना विद्यापीठाची खुर्ची. शाळेच्या नोकरीतून उरलेल्या वेळात त्यांनी भारतीय सिद्धांतग्रंथ आणि युरोपातील ग्रहगणित या दोन्हींचा अभ्यास केला. ‘ज्योतिर्गणितम्’, ‘केतकी ग्रहगणितम्’, ‘वैजयंती’ हे त्यांचे ग्रंथ. भारतीय आणि परदेशी कालगणनांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केला. ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापूर येथे त्यांचे निधन झाले.

पंचांग सुधारण्याची वेळ का आली?

महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा. गणित सोपे, म्हणून गावोगावच्या जोशांना ते पेलत असे. पण कोणत्याही कोष्टकात एखादी बारीक चूक असली, तर ती दरवर्षी थोडी थोडी साचत जाते. साडेतीनशे वर्षांनंतर फरक डोळ्यांना दिसू लागला. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ आणि आकाशातील ग्रहण जुळेना. ग्रह सांगितलेल्या जागी दिसेनात.

या त्रुटीवर पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास उपाय काढला. त्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे नवे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. आकाशात प्रत्यक्ष दिसेल तेच पंचांगात यावे, हा या ‘दृक्’ पद्धतीचा आग्रह.

केतकरांनी वेगळे काय केले?

नाविक पंचांगावर अवलंबून राहायचे तर दरवर्षी लंडनहून येणाऱ्या पुस्तकाची वाट पाहावी लागे. केतकरांनी तो प्रश्न मुळातून सोडवला. युरोपातील आधुनिक कोष्टकांचे सार त्यांनी संस्कृत श्लोकांत आणि सारण्यांत बसवले. इंग्रजी न येणारा जोशीही आता आपल्या गावात बसून सूर्य, चंद्र आणि ग्रहांची बिनचूक स्थिती काढू शकत होता. परंपरेची भाषा तीच आणि आकडे नवे, असा हा मार्ग होता. पंचांगकर्त्यांना त्यामुळे परक्या पुस्तकाची गरज उरली नाही.

मग विरोध कशाला झाला?

पहिला विरोध तिथीच्या लांबीवरून झाला. जुन्या गणितात तिथी साधारण ५४ ते ६५ घटकांची असे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. या मर्यादेला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत, म्हणजे ६० घटकांहून पाच जास्त किंवा सहा कमी. प्रत्यक्ष चंद्राची गती मात्र याहून जास्त बदलते. दृक् गणिताने तिथी सुमारे ५० ते ६७ घटकांपर्यंत जाते. व्रते, उपवास आणि श्राद्धाचे नियम जुन्या मर्यादा गृहीत धरून बांधलेले होते. त्यामुळे धर्मशास्त्र्यांना काळजी वाटली, की आकाशाशी जुळवताना धर्मनिर्णय बिघडतील. एखाद्या घरात वडिलांचे श्राद्ध कोणत्या दिवशी करायचे, इथपर्यंत हा प्रश्न पोहोचत होता. म्हणूनच वाद पंडितांपुरता राहिला नाही.

दुसरा आणि मोठा विरोध सुधारकांच्याच गोटातून आला. तो होता राशिचक्राच्या आरंभबिंदूवरून.

आरंभबिंदूचा वाद काय आहे?

दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा सूर्य आकाशात ज्या बिंदूवर असतो, तो संपातबिंदू. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्याने हा बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. संपातापासून मोजले तर ती सायन पद्धत, एका स्थिर ताऱ्याच्या संदर्भाने मोजले तर निरयन. दोन्हींतील अंतराला अयनांश म्हणतात.

पण स्थिर तारा कोणता धरायचा? इथे तीन मते होती.

• रैवत पक्ष : छत्र्यांनी मीन राशीतील रेवतीचा योगतारा आरंभाला धरला. डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक याच पक्षाचे झाले.

• चित्रा पक्ष : केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू आरंभ मानला.

• सायन पक्ष : विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे म्हणणे होते, की ताऱ्यांचा आधारच सोडावा आणि ऋतूंशी बांधलेले पंचांग घ्यावे.

गंमत अशी, की सूर्यसिद्धांतात चित्रा १८० अंशांवर सांगितली आहे आणि रेवती जवळजवळ शून्यावर. प्रत्यक्ष आकाशात मात्र या दोन ताऱ्यांत सुमारे १८४ अंशांचे अंतर आहे. म्हणजे ग्रंथातील दोन्ही आकडे एकाच वेळी पाळणे शक्य नाही. एकाला सोडावेच लागते. रैवत आणि चित्रा पक्षांच्या पंचांगांत आजही दिसणारा जवळपास चार अंशांचा फरक तो हाच.

चार अंशांनी महिनाभराचा फरक कसा पडतो?

सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. त्यामुळे चार अंश म्हणजे चार दिवस. टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतरत्र १४ किंवा १५ जानेवारीला.

चांद्रमासाचे नाव त्या महिन्यात कोणती संक्रांत येते यावरून ठरते. ज्या महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक मास. आता संक्रांत अमावास्येच्या अगदी जवळ आली, तर चार दिवसांच्या फरकाने ती शेजारच्या महिन्यात जाते. २०२३ मध्ये नेमके हेच झाले. चित्रा पक्षाने १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण ठरला, कारण सिंह संक्रांत १७ ऑगस्टला आली. रैवत पक्षाने ती चार दिवस आधी, अमावास्येपूर्वीच झाली होती. त्यामुळे तिथे तोच नेहमीचा श्रावण ठरला आणि भाद्रपद एक महिना आधी लागला.

कोणाचे म्हणणे बरोबर होते?

केतकरांच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे होते. चित्रा हा ठळक तारा आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळच्या आंबागड किल्ल्याच्या परिसरात मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी नारिंगी स्वाती आणि मग पांढरीशुभ्र चित्रा सापडते. रेवतीचा योगतारा इतका अंधुक आहे, की गावाच्या दिव्यांत तो दिसतच नाही. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. चित्रा पक्ष घेतला तर संक्रांती आणि अधिक मास जुन्या पंचांगांच्या जवळपास राहतात, लोकांचे सण हलत नाहीत.

विरोधकांचेही म्हणणे पोकळ नव्हते. नक्षत्रचक्र रेवतीच्या शेवटी संपते आणि अश्विनीपासून सुरू होते. मग आरंभ ठरवायला आकाशाच्या दुसऱ्या टोकाचा तारा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. सायनवाद्यांचा आक्षेप तर दोघांनाही लागू होता. तारा कोणताही घेतला, तरी निरयन पंचांगातील सण ऋतूंपासून ७२ वर्षांत एक दिवस सरकणारच. खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, ती त्यामुळेच.

१९०४ मध्ये मुंबईत आणि पुढे पुणे व सांगली येथे ज्योतिषांच्या परिषदा झाल्या. पण एकमत झाले नाही. टिळकांच्या लोकप्रियतेमुळे रैवत पक्षाला वजन होते. सोलापूरच्या दाते पंचांगासारख्या लोकप्रिय पंचांगांनी मात्र चित्रा पक्ष धरला आणि घराघरांतील दिनदर्शिका त्याच मार्गाने गेल्या.

केतकरांनी प्लूटो शोधला होता का?

नाही. त्यांनी जे केले ते वेगळे आहे आणि तेही लक्षणीय आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यात मांडले होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे काढला.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाईड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. १३ मार्चला तशी घोषणा झाली. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि काळ सुमारे २४८ वर्षे. आकडे आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहेत. केतकर तेव्हा हयात होते, पण त्यानंतर पाच महिन्यांनी ते गेले.

तरीही याला शोध का म्हणत नाहीत? गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमिड या उपग्रहांच्या काळांत १:२:४ असे ठरावीक प्रमाण आहे. लाप्लास यांनी त्याचा अभ्यास केला होता. तशीच साखळी बाहेरच्या ग्रहांत असावी, या गृहीतावर केतकरांचे गणित उभे होते. पण त्याच गणिताने दिलेला विष्णू कधीच सापडला नाही. शिवाय टॉमबॉ यांचा शोध लॉवेल यांच्या आराखड्यातून सुरू झालेल्या छायाचित्रणातून लागला, केतकरांच्या लेखावरून नव्हे.

पर्सिव्हल लॉवेल यांची कथाही याला समांतर आहे. मंगळावर कालवे असल्याचा त्यांचा दावा खोटा ठरला. नवव्या ग्रहाचे त्यांचे गणितही योगायोगाने जुळले, कारण १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या भागाइतकेच असल्याचे कळले. एवढासा गोळा युरेनसला खेचू शकत नाही. तरी प्लूटोच्या कथेत लॉवेल यांचे नाव राहिले, कारण त्यांच्यामागे वेधशाळा आणि पैसा होता. केतकरांकडे फक्त कागद होता. केतकरांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की प्रमाणांची त्यांची दिशा अगदीच निराधार नव्हती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात, हे पुढे सिद्ध झाले.

वादाचा निकाल काय लागला?

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. नागरी व्यवहारासाठी संपाताशी बांधलेले राष्ट्रीय पंचांग सुचवले. ते २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. धार्मिक गणनेसाठी मात्र २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला हा अयनांश धरला. तो चित्रा पक्षाचाच आहे. म्हणजे मतभेदाच्या मुख्य मुद्द्यावर केतकरांची बाजू सरकारी पंचांगात गेली. आज तो समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांच्या नावाने, ‘लाहिरी अयनांश’ म्हणून ओळखला जातो. मोबाइलमधील पंचांगाच्या ॲपमध्ये पाहिले तर बहुधा हेच नाव दिसेल.

भंडाऱ्याच्या वाचकाने काय लक्षात ठेवावे?

पंचांग कोणत्या पक्षाचे आहे, ते आधी पाहावे. मग ते कोणत्या गावासाठी केले आहे, तेही पाहावे. भंडारा मुंबईच्या पूर्वेला जवळपास सात अंशांवर आहे, त्यामुळे इथे सूर्य मुंबईच्या साधारण २७ मिनिटे आधी उगवतो. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे कमी-जास्त होतात. सूर्योदयाच्या वेळी कोणती तिथी आहे, यावर अनेक सणांचा दिवस ठरतो. म्हणून मुंबईची वेळ भंडाऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. आकाश आपल्या गावातून कसे दिसते ते मोजा आणि मगच दिवस ठरवा, हे केतकरांच्या कामाचे सार होते. त्यांनी सारण्या केल्या त्या प्रत्येक गावच्या जोशाला हे गणित स्वतः करता यावे म्हणूनच.