अहमदनगरची कन्या, सयामची शिक्षिका



सयामच्या राजाच्या पदरी असलेल्या इंग्रज शिक्षिकेची कथा आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटात पाहिली असेल. परंतु त्या शिक्षिकेचा जन्म विलायतेत नव्हे, तर अहमदनगर येथे (आजच्या अहिल्यानगरात) झाला, हे आपणांस ठाऊक आहे काय? स्वतः त्या बाईंनी ही गोष्ट जन्मभर लपवून ठेवली. त्यांचे नाव ॲना लेओनोवेन्स.

ॲनाबाई नोव्हेंबर १८३१ मध्ये जन्मल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनने त्या नगरात आपले कार्य सुरू केले. वडील थॉमस एडवर्ड्‌स हे कंपनी सरकारच्या सैन्यात सार्जंट होते. मुलीचे मुख पाहण्यापूर्वी तीन महिने ते निवर्तले. आई मेरी ॲन ही मिश्र वंशाची. तिची आई एतद्देशीय असावी असे संशोधक मानतात. त्या आजीचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. पुढे आईने एका आयरिश शिपायाशी पुनर्विवाह केला आणि ॲनाबाईंचे बालपण छावणीच्या वस्तीत गेले.

१८४९ साली नाताळच्या दिवशी पुण्यात थॉमस लिऑन ओवेन्स नावाच्या कारकुनाशी त्यांचा विवाह झाला. त्यांची पहिली कन्या दीड वर्षाचीही न होता दगावली. पुढे १८५२ साली पतिपत्नींनी हिंदुस्थान सोडला आणि सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाची वाट धरली. त्या दीर्घ सागरप्रवासात, जहाजावरच, त्यांना पुत्र झाला. तोही सुमारे वर्षभरातच गेला. पर्थ येथे बाईंनी मुलींसाठी शाळा काढण्याचा यत्न केला. तेथे ॲव्हिस व लुई ही दोन मुले झाली. मग कुटुंब पिनांग बेटावर आले, आणि १८५९ साली पतीचेही निधन झाले. वाचकहो, परमुलुखात, पदरी दोन लेकरे, गाठीस पैसा नाही, अशा अवस्थेत अठ्ठावीस वर्षांच्याही न झालेल्या त्या विधवेने काय करावे? तिने हाती पुस्तक घेतले. सिंगापुरास येऊन इंग्रज अंमलदारांच्या मुलांसाठी तिने शाळा उघडली.

शाळेचे उत्पन्न तुटपुंजे होते. इतक्यात सयामचा राजा मोंगकुट यास आपल्या राण्यांना व मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी शिक्षिका हवी असल्याची वार्ता आली. हा राजा सामान्य नव्हता. सत्तावीस वर्षे त्याने बौद्ध भिक्षू म्हणून घालविली होती, मिशनऱ्यांकडून इंग्रजी व लॅटिन शिकून घेतले होते, आणि खगोलशास्त्रात त्याची चांगली गती होती. त्यापूर्वी अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नी अंतःपुरात शिकवीत असत. परंतु धड्यांबरोबर चालणारा धर्मोपदेश राजास रुचला नाही. म्हणून ॲनाबाईंस त्याने आरंभीच बजावले की, भाषा व विद्या शिकवावी, धर्मांतराचा प्रयत्न करू नये. वेतन दरमहा १०० डॉलर ठरले.

ॲव्हिसला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडून, पाच वर्षांच्या लुईचा हात धरून, बाई मार्च १८६२ मध्ये बँकॉकच्या नदीत आगबोटीने दाखल झाल्या. त्या लिहितात की, पहिल्या रात्री त्यांच्या निवाऱ्याची काहीच सोय केलेली नव्हती. राजवाड्याबाहेर स्वतंत्र घर देण्याचे वचन पाळले जावे म्हणून त्यांना बरेच दिवस आग्रह धरावा लागला, आणि अखेर घर मिळाले.

राजवाड्याच्या आतील भाग म्हणजे तटबंदीतील एक नगरच होते. राण्या, राजकन्या, दासी, पहारेकरी, सर्व स्त्रियाच. राजाची अपत्ये ८२. तेथील एका मंदिराच्या दालनात बाईंची शाळा भरे. थोरला विद्यार्थी होता राजपुत्र चुलालाँगकॉर्न. शिकविण्याखेरीज राजाचा परदेशी पत्रव्यवहारही बाईंकडे आला. गुलामांच्या हालअपेष्टा पाहून त्या राजाकडे रदबदली करीत, आणि त्यावरून राजाशी खटकेही उडत. सुमारे साडेपाच वर्षांनी, १८६७ साली, प्रकृती ढासळल्याने त्या रजेवर गेल्या. पुढच्याच वर्षी राजाने स्वतः गणित मांडून वर्तविलेले सूर्यग्रहण पाहण्यासाठी दलदलीच्या प्रदेशात मुक्काम केला, तेथे त्यास ज्वर जडला व तो मरण पावला. बाई पुन्हा सयामला गेल्या नाहीत.

पंधरा वर्षांचा चुलालाँगकॉर्न गादीवर आला. १८७४ पासून पायरीपायरीने त्याने गुलामगिरी हटविली. १९०५ मध्ये ती संपुष्टात आली. याचे श्रेय एकट्या शिक्षिकेस देणे न्यायाचे होणार नाही. राजाची दूरदृष्टी व काळाची गरज हीच त्यामागे प्रामुख्याने होती. तथापि १८९७ साली लंडनमध्ये तो आपल्या वृद्ध गुरूंना आवर्जून भेटला, हे सत्य आहे.

बाईंनी अमेरिकेत जाऊन सयामविषयी दोन पुस्तके लिहिली आणि व्याख्याने दिली. १८८१ साली एका नियतकालिकासाठी त्या रशियातही फिरून आल्या. नंतर कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १८८७ साली त्यांनी कलाशाळा स्थापण्यात पुढाकार घेतला. ती संस्था आजही विद्यापीठाच्या रूपाने उभी आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९ जानेवारी १९१५ रोजी मॉन्ट्रियल येथे त्यांचा अंत झाला.

आणि त्यांचे गुपित? आपण वेल्समध्ये १८३४ साली जन्मलो, पती सैन्यात मेजर होते, असे त्या सांगत राहिल्या. बहिणीच्या कुटुंबाशीही त्यांनी नाते तोडले. मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १९७६ साली, लुईचे चरित्र लिहिणाऱ्या ब्रिस्टो यांनी जुने कागद चाळून सत्य उजेडात आणले. त्यांच्या पुस्तकांतील काही वर्णने अतिरंजित वा उसनी असल्याचेही संशोधकांनी दाखविले आहे. थायलंडमध्ये त्या कथेवरील चित्रपटांस बंदी झाली, ती आपल्या आदरणीय राजाचे विडंबन झाले या भावनेने.

वाचकहो, बाईंवर दगड उचलण्यापूर्वी थोडे थांबू या. ज्या समाजात मिश्र रक्ताच्या सार्जंट-कन्येस कोणी शिक्षिका म्हणून उभे केले नसते, त्या समाजाने हे असत्य त्यांच्याकडून वदवून घेतले नाही काय? एस्तेरनेही राजवाड्यात आपले कूळ गुप्त ठेवले होते. परंतु वेळ येताच तिने ते प्रकट केले व तिच्या लोकांचा बचाव झाला. ॲनाबाईंना ती वेळ आलीच नाही, किंवा आली तरी धैर्य झाले नाही. दुसऱ्यांच्या दास्याविरुद्ध निर्भयपणे बोलणारी ही स्त्री स्वतःच्या आजीचे नाव मात्र उच्चारू शकली नाही.

आज आपल्या मंडळ्यांतही जन्म, जात वा गाव लपवून बसलेली माणसे नसतील काय? त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्या जागी त्यांना काही लपवावे लागणार नाही, अशी जागा निर्माण करणे, हे मात्र आपले काम आहे.