तारामतीच्या मिशा

सलूनच्या खुर्चीत बसल्यावर मिशी ठेवायची की उतरवायची, हे आज ज्याचे त्याने ठरवायचे असते. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. वडील हयात असताना मुलाने मिशी काढणे त्या काळी अशुभ मानले जाई. मिशीवर वस्तरा फिरे, तो पित्याच्या निधनानंतरच्या क्षौराच्या वेळी. त्यामुळे न्हाव्यापुढे बसताना माणसाला स्वतःच्या आवडीपेक्षा घराच्या सुतकाचा विचार अधिक करावा लागे. भारतीय चित्रपट जन्माला येत असताना हाच रिवाज त्याच्या आड आला आणि त्यातून वाट काढावी लागली ती धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांना.

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे, संस्कृत पंडिताच्या घरात झाला. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण आत्मसात केले. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल गमावून त्यांना ते गाव सोडावे लागले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छापखाना, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग त्यांनी केले. आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूगार म्हणून उभे राहत. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यानंतर मात्र एकच ध्यास उरला. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. या खटाटोपासाठी द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

कॅमेरा आला, कथानकही ठरले. पण राजा हरिश्चंद्राला तारामती मिळेना. कुलीन स्त्रिया दूरच राहिल्या, वेश्यावस्तीतूनही कोणी तयार होईना. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे नाजूक अंगलटीचे तरुण फाळके यांच्या नजरेस पडले आणि भारतीय पडद्याला पहिली नायिका मिळाली.

खरा पेच पुढेच होता. स्त्रीपात्रे रंगवणारे पुरुष नट मिशा उतरवायला राजी होईनात. त्यांच्या दृष्टीने ही चेष्टेची बाब नव्हती. सपाट ओठाने गल्लीत शिरावे, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न त्यांच्या वडिलांविषयीच येणार. जिवंत पित्याचे सुतक चेहऱ्यावर वागवण्यासारखेच ते होते. दुसरीकडे फाळके यांनाही माघार घेणे शक्य नव्हते. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या मदतीला गळा असे. प्रेक्षक गाण्यात रंगला की देहाचा विसर पडे. मूकपटात गळा नव्हता, शब्द नव्हता. जे काही होते ते चेहऱ्यावर. शिवाय कॅमेऱ्याची नजर पिटातल्या प्रेक्षकाच्या नजरेपेक्षा जवळची आणि निर्दय. फाळके यांनी नटांची समजूत काढली आणि अखेर वस्तरा फिरला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यातील जलक्रीडेच्या प्रसंगात ओलेत्या लुगड्यांत दिसणारी तारामती आणि तिच्या सख्या हे सगळे पुरुषच होते.

त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. येथे घेतलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. स्त्रीची भूमिका प्रथमच स्त्रीने केली. या दोघींना वस्तऱ्याची नसली, तरी लोकापवादाची धार सोसावी लागणार होती. अभिनय करणाऱ्या स्त्रीकडे समाज तेव्हा कोणत्या नजरेने पाही, हे सांगायला नको.

रिवाज एका चित्रपटाने मोडत नाही. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके पुन्हा स्त्रीवेषात आले, एवढेच नव्हे, तर सीता आणि राम या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. घरोघरच्या तसबिरींतला रामही मिशीविनाच असल्याने एकच तुळतुळीत चेहरा दोन्हींकडे शोभला. पुढे ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत बाळकृष्ण झाली ती फाळके यांची मुलगी मंदाकिनी. पुरुषाची सीता करणाऱ्या दिग्दर्शकाने मुलीचा कृष्णही करून दाखवला.

बोलपटाचे युग आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. 1969 पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सरकारी पुरस्कार दिला जातो आणि नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. त्यांची जिद्द आणि सरस्वतीबाईंचे दागिने यांचे स्मरण नेहमीच होते. त्यांच्याच शब्दाखातर ज्या नटांनी वडील हयात असताना वस्तऱ्यापुढे चेहरा धरला, त्यांचा त्यागही लहान नव्हता.